बदकाची सुधारित आवृत्ती

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात एकाच वस्तूचे चौदा नमुने ओळीने मांडलेले आहेत, आणि ती वस्तू कशासाठी आहे हे मी आजवर एकाही पाहुण्याला सरळ तोंडाने सांगू शकलेलो नाही. एकाला मी "कारखान्यातलं स्मृतिचिन्ह" म्हणालो. त्याने लगेच ते हातात घेऊन उघडझाप केली आणि "सुपारी फोडायला बरं आहे," असा अभिप्राय दिला. मी तोंड फिरवून चहा गाळायला गेलो.

तसा मी नळांचा माणूस. नळांच्या कारखान्यात आरेखक आहे. आपण नळ बंद करतो तेव्हा तो शेवटी हलकेच 'टक्' म्हणतो, तो टक् माझा. आधीचे नळ नुसतेच बंद व्हायचे. झाला का, झाला का, म्हणत माणसं तीनतीनदा मोरीत जाऊन बघायची. मी त्यांना टक् दिला आणि त्यांचा जीव भांड्यात पाडला. मालकांनी त्या वर्षी माझा सत्कारसुद्धा केला होता. हार जरा कोमेजलेला होता, पण ते असो.

हे सगळं सुरू झालं एका रविवारी दुपारी. माझी मेव्हणी आली होती. ती बायकांची डॉक्टर आहे आणि रागावली की चहा फुंकर न मारता पिते. त्या दिवशी तिने कप एका दमात संपवला.

"ताई, मागच्या तपासणीत रिपोर्ट शंकास्पद होता. सहा महिन्यांनी परत ये म्हटलं होतं. सहा वर्षं झाली."

"अगं, घरातून पाय निघतो का माझा?" बायको म्हणाली.

"मावशीचाही निघत नव्हता."

मावशी म्हणजे या दोघी बहिणींची मावशी. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि तो कळला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोने टेबलावर नसलेले चहाचे डाग पुसायला घेतले.

"तुझं ते लोखंडी बदक आधी फेकून दे," ती शेवटी म्हणाली. "मग येते."

बदक म्हणजे काय, हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मेव्हणीने पिशवीतून कापडात गुंडाळलेलं एक उपकरण काढून माझ्यापुढे ठेवलं. चकचकीत, थंडगार, दोन पात्यांची चोच, खाली दांडा, बाजूला स्क्रू. "स्पेक्युलम," ती म्हणाली. "पाती मिटून आत घालायची, मग स्क्रू फिरवून उघडायची. आतलं दिसतं, नमुना घेता येतो. दोन मिनिटांचं काम."

"तुझी दोन मिनिटं," बायको पुटपुटली.

मी स्क्रू फिरवला. करकर करकर. माझ्यातला आरेखक दुखावला गेला. असा नळ मी काढला असता तर मालकांनी मला त्याच नळाखाली धरलं असतं.

"हे कुणी काढलंय? किती जुनं आहे?"

"शेदीडशे वर्षं झाली असतील."

"आणि एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नाही? थांब, मी करतो नवीन."

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की माझा पाराच चढला. "केलंत तर मी येईन तपासायला," बायको म्हणाली. "शब्द आहे माझा." तिने तो इतक्या निर्धास्तपणे दिला, कारण बाल्कनीतलं झाडांना आपोआप पाणी घालायचं यंत्र, जिन्यातली दुमडती खुर्ची आणि मी सुरू केलेल्या इतर कामांचा इतिहास तिला तोंडपाठ आहे. मेव्हणी मात्र हसायची थांबली. जाताना दारात मला हळूच म्हणाली, "भावोजी, कसंही करा, पण करा. मला तिची खरंच काळजी वाटते."

मग काय, मी कंबर कसली.

पहिला नमुना मी कारखान्याच्या टूलरूममध्ये, मालकांच्या परवानगीने, जेवणाच्या सुट्टीत करून घेतला. तिथला मिस्त्री तीस वर्षं साचे करतो आणि जगातली प्रत्येक वस्तू हा नळाचाच एक प्रकार आहे असं मानतो. त्याने माझं आरेखन उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, पाणी कुठून येणार?"

"येणार नाही."

"मग गेलं कुठे?"

मी घसा खाकरून सांगितलं, की हे दवाखान्यासाठी आहे. "कुठल्या रोगासाठी?" मी म्हटलं, बायकांच्या. त्यानंतर मिस्त्री तीन दिवस माझ्याशी नजर न मिळवता बोलत होता. पण काम चोख केलं त्याने. धातू काढून मऊ कडांचं प्लॅस्टिक घेतलं, म्हणजे गारठा गेला. स्क्रू काढून टाकला, म्हणजे करकर गेली. आणि स्क्रूच्या जागी सहा खाचा घातल्या. दांडा दाबला की पाती एकेका खाचेवर येऊन थांबतात आणि दर वेळी म्हणतात, टक्! तो टक् बसवायला मला तीन महिने लागले. पहिला फार फुसका होता, दुसरा जरा कर्कश. तिसरा मात्र असा खणखणीत उतरला की मिस्त्रीच्याही डोळ्यांत पाणी तरारलं. निदान मला तसं वाटलं. त्याला सर्दी झाली होती.

आता प्रश्न चाचणीचा. चाचणी कशावर करायची? मी घरातला पायमोजा घेतला, गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली, गुंडाळलेली गादी घेतली. अशाच एका सकाळी मी गादीपुढे गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, मोज्यात चोच उघडत असताना वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर्तमानपत्र मागायला आत आले. त्यांना दार वाजवायची सवय नाही.

"काय चाललंय?"

"संशोधन," मी म्हणालो. मोजा अजून माझ्या हातात होता.

हेडमास्तरांनी कसलं संशोधन ते विचारलं नाही, एकदम सल्लाच दिला. दांडा जरा लांब हवा. रंग निळा हवा, कारण पांढरा मळखाऊ नाही. टोकाला दोरी बांधायला भोक हवं, म्हणजे खुंटीला अडकवता येईल. मग त्यांनी एक नमुना उचलला, माझं वर्तमानपत्र उचललं आणि दोन्ही घेऊन गेले. आठ दिवसांनी पाहतो तर हे गृहस्थ बाल्कनीत आरामखुर्चीत बसलेले, मांडीवर जाडजूड शब्दकोश, आणि त्याची पानं मिटू नयेत म्हणून मधोमध माझं बदक चोच उघडून बसवलेलं. वाचनालयातही ते घेऊन जायचे म्हणे. दोन ज्येष्ठ सभासदांनी "आम्हालाही एकेक सांगा" म्हणून नावंसुद्धा नोंदवली होती. वस्तू नेमकी कसली, हे त्यांना अखेर मास्तरीणबाईंनी सांगितलं. नंतर महिनाभर हेडमास्तर जिन्यात माझ्या पावलांची चाहूल लागली की खालीवर कुठे जायचं ते विसरायचे.

परवान्याचं कार्यालय ही आणखी एक गंमत. दवाखान्यात वापरून पाहायला सरकारी परवाना लागतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. 'उपकरणाचा उपयोग' या रकान्यातला माझा मजकूर त्याने हाताने झाकून घेतला, शेजारचा बघू नये म्हणून.

"घरगुती की औद्योगिक?" त्याने कुजबुजत विचारलं.

"वैद्यकीय."

"तसा शिक्का आमच्या खिडकीवर नाही. घरगुती मारू?"

मी नाही म्हटलं. त्या एका नाहीमुळे मला चार मजले, सात खिडक्या आणि एक बंद लिफ्ट घडली. शेवटी पाच जणांच्या समितीपुढे प्रात्यक्षिकाची तारीख मिळाली. हा शब्द वाचून मी अर्जच मागे घ्यायला निघालो होतो, पण समितीला फक्त वस्तू उघडून मिटून बघायची होती. पाचही पुरुष, पाचही चष्मेवाले. अध्यक्षांनी दांडा दाबला. टक्! त्यांचा चेहरा खुलला. शेजारच्यांनी घेतला. टक्, टक्! "वा! याला म्हणतात काम!" पाच मिनिटं ती खोली नुसती टकटकत होती. दवाखान्यात चाचणी घ्यायला हरकत नाही, असं लिहून त्यांनी सह्या ठोकल्या. मी जिना उतरलो तो तरंगतच.

मग मी जाहिरातीला लागलो. बायकांच्या डॉक्टरांचं संमेलन भरणार होतं आणि मेव्हणीच्या ओळखीने तिथे मला एक टेबल मिळालं. मी मागे मोठा फलक लावला: 'टक्! विश्वासाचा आवाज.' इस्त्रीचा कोट घातला. मेव्हणी त्या वेळी शस्त्रक्रियेत अडकली होती, आणि तिला चकित करायचं म्हणून मी तोवर नमुना दाखवलाच नव्हता. घाईघाईत तिला मी म्हटलं होतं, "तू फक्त बघत राहा."

पहिल्या आल्या त्या पांढऱ्या केसांच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई. त्यांनी बदक हातात घेतलं आणि दांडा दाबला.

टक्!

आजूबाजूच्या आठदहा बायका गर्रकन वळल्या. एकीने तर हातातली पर्सच पोटाशी धरली. मला वाटलं, छाप पडली.

"हा आवाज तुम्ही मुद्दाम घातलाय?" बाईंनी विचारलं.

"मुद्दाम! तीन महिने खपलोय त्यासाठी."

"अस्सं. आणि ही बाई झोपलेली असते, तिला काही दिसत नसतं, तेव्हा तिने हा आवाज सहा वेळा ऐकायचा?"

मी मागच्या फलकावरचा 'टक्!' हळूच पाठीने झाकला. 

"दांडा खाली का आहे?" त्यांनी पुढे विचारलं. "अर्ध्या दवाखान्यांत तपासायचं टेबल नसतं, साधी सपाट खाट असते. दांडा गादीत रुतेल. तो वर हवा." मग चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, "हे करताना किती बायकांना विचारलंत?"

मी मनात हिशेब केला. मिस्त्री, हेडमास्तर, वाचनालयातले दोघे, कारकून आणि समितीचे पाच. एकूण दहा जणांची मतं मी घेतली होती आणि त्यातली एकही बाई नव्हती. घरातली तर नव्हतीच नव्हती.

फलक गुंडाळून मी घरी आलो आणि कोटासकट पलंगावर आडवा झालो. आयुष्यात इतका अपमान मी कोमेजलेल्या हारातही सहन केला नव्हता. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग जेवणाचं टेबल मोकळं केलं, त्यावर चादर अंथरली आणि म्हणाली, "झोपा इथे."

"कशाला?"

"झोपा हो. गुडघे वर. पाय एकमेकांपासून लांब. अजून लांब. नजर छताकडे. खाली बघायचं नाही. आणि सैल सोडा."

"सैल काय सोडू?"

"अगदी हेच मी तुमच्या मेव्हणीला विचारलं होतं."

ती माझ्या पायांशी जाऊन उभी राहिली. मला फक्त पंखा दिसत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टक्! माझा डावा पाय आपोआप आखडला. परत शांतता. टक्! हे आता कुठवर जाणार, किती बाकी आहे, काही कळेना. तिसऱ्या टक्ला मी "अगं थांब!" म्हणून ओरडत उठून बसलो आणि नेमके हेडमास्तर दारात उभे. महिनाभराचा अबोला सोडायला आले होते बिचारे. चादर गुंडाळून टेबलावर बसलेल्या मला पाहून ते आले तसे परत गेले, आणि अबोला आणखी महिनाभर वाढला.

"कळलं?" बायकोने विचारलं.

कळलं. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतरचे नमुने आम्ही दोघांनी मिळून केले. म्हणजे ती बोलायची, मी काढायचो. खाचा गेल्या. त्यांच्या जागी मिस्त्रीने नळातलं मऊ रबरी वायसर बसवलं, त्यावर पाती सरकतात आणि हवी तिथे आवाज न करता थांबतात. दांडा वर गेला. "आणि बाई थांब म्हणाली की तत्क्षणी मिटलं पाहिजे," बायको म्हणाली, म्हणून अंगठ्याने दाबायची एक कळ आली. मिस्त्रीने घरी विचारून आणखी दोन दुरुस्त्या आणल्या आणि या खेपेला नजर मिळवून सांगितल्या. समितीकडे परत गेलो तेव्हा अध्यक्षांनी दांडा चार वेळा दाबला आणि हिरमुसून म्हणाले, "आवाज कुठे गेला? चांगला होता की!" मेव्हणी बरोबर होती. तिने त्यांच्याकडे फक्त बघितलं. सही झाली.

चौदावा नमुना मेव्हणीने नीट तपासला आणि तिच्या दवाखान्यात चाचणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात बारा बायका तपासून गेल्या, एकीनेही तक्रार केली नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोला म्हणालो, "चल. शब्द दिला होतास."

ती आली. साडी बदलून, केस विंचरून, अगदी तयारीने आली. बाकावर माझ्याशेजारी बसली. आतून नाव पुकारलं आणि ती उठली ती सरळ बाहेरच्या दाराकडे.

"गॅस चालू राहिला वाटतं," ती म्हणाली.

"मी बंद केलाय."

"मग कडी घातली नसेल."

"घातलीय. अगं, आता काय राहिलं? आवाज गेला, गारठा गेला, दांडासुद्धा फिरवला तुझ्यासाठी!"

ती दाराशी थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बदकाचं काय घेऊन बसलात," ती अखेर म्हणाली. "ते वाईट होतंच. पण त्याला घाबरून कुणी सहा वर्षं लांब राहतं का? मला वाटलं, तुमच्या हातून हे काही पुरं व्हायचं नाही, आणि मला यावं लागायचं नाही. मावशीलाही असंच आत बोलावलं होतं, आणि बाहेर आली ती निराळीच बाई होऊन आली. मला ते ऐकायचंच नाहीये हो."

 त्या भीतीवर माझ्याकडे कसलाच नमुना नव्हता. वर्षभर मी दांडे फिरवत होतो आणि ही एकटीच हे पोटात घेऊन स्वयंपाक करत होती. मला रडू आलं, तेही भर दवाखान्यात, चारचौघींसमोर.

"मलाही भीती वाटते," मी म्हणालो. "खूप वाटते. तू नसलीस तर माझं काय होईल याची. चल, दोघं मिळून घाबरू. पण आत जाऊन घाबरू."

"तुम्हाला आत येऊ देणार नाहीत."

"मग मी पडद्याबाहेर घाबरतो. मोठ्याने घाबरतो, म्हणजे तुला ऐकू येईल."

ती हसली. रडत रडत हसली, पण वळली. मी पडद्याबाहेर उभा राहून मोठमोठ्याने नळांचे प्रकार सांगू लागलो, कारण दुसरं काही तोंडपाठ नव्हतं. अकराव्या प्रकाराला आतून आवाज आला, "अहो, पुरे! झालं!"

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही एकमेकांशी इतकं गोड बोललो की हेडमास्तरांना शंका यायला लागली. नवव्या दिवशी मेव्हणी स्वतः आली. चहा तिने फुंकर मारून मारून प्यायला.

"कॅन्सर नाही," ती म्हणाली. "पण त्या वाटेवरचं थोडं आहे. तेवढा भाग काढून टाकायचा, एका दुपारचं काम. नंतर दर वर्षी तपासायचं, बस. ताई, अजून दोनतीन वर्षं तू आली नसतीस ना, तर…"  दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मी उगाचच पंख्याचं बटण चालूबंद करत राहिलो.

ती दुपारही नीट पार पडली. आता बायको दर महिन्याला दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसते आणि कडी घातली नाही म्हणून उठणाऱ्या बायकांना हाताला धरून परत आणते. माझ्या फलकापेक्षा हा प्रचार पुष्कळ बरा चाललाय, असं मेव्हणी म्हणते. माझा स्वाभिमान दुखावला जातो, पण दवाखान्यातली गर्दी बघता मी गप्प बसतो.

परवा मेव्हणी घरी आली तेव्हा बायकोने तिला एकदम विचारलं, "काय गं, पुरुषांचीही एक तपासणी असते ना, पन्नाशीनंतरची? बोटाने करतात ती?"

"असते की. करायलाच हवी. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, उद्याच वेळ घेते."

मी गंभीरपणे सांगितलं की कारखान्यात नवीन साचा यायचाय, तो माझ्याशिवाय उतरवून घेता येणार नाही, आणि ताडकन उठून दाराशी चपला शोधायला लागलो. चपला तिथे नव्हत्या. त्या बायकोने आधीच कुलपात ठेवल्या होत्या.